खांदेरीचा वारा कोणाच्या बाजूनं होता?

जून जवळ आला की गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटमरान बंद होतात. पुन्हा सुरू होतात त्या पावसाळा उतरणीला लागल्यावर. जून-जुलैत कोकणातल्या बंदरांत ट्रॉलर ओळीनं उभे असतात, लहान होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. आज आपल्याकडे डिझेल इंजिन आहे, जीपीएस आहे, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’सारखी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज देते. तरीही पावसाळ्यातल्या अरबी समुद्रासमोर आपण निमूटपणे बाजूला होतो.

आता यातून इंजिन वजा करा. जीपीएस वजा करा. हवामानाचा अंदाज म्हणजे तांडेलाचा आभाळाकडे टाकलेला एक कटाक्ष. हातात शीड, वल्ही आणि लाकडी सांगाडा. आणि या साधनांनिशी लढाई करायची आहे.

मराठा आरमारावरच्या पोस्ट आणि रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांत बहुतेक आकडे असतात: किती जहाजं, किती तोफा, किती जलदुर्ग. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकड्यांवर माझा राग नाही. पण माझ्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षातच शिकायला मिळते. एखाद्या सिस्टिमची क्षमता सांगताना ती कोणत्या परिस्थितीतली क्षमता, हेही सांगावं लागतं. नाहीतर तो आकडा बिनकामाचा. दुपारी बारा वाजता धडधाकट असलेला सर्व्हर रात्री सेल लागल्यावर गुडघे टेकतो. समुद्रावरच्या जहाजाचंही तसंच आहे. कोणतं आरमार बलवान, या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचारावं लागतं: कोणत्या महिन्यात? दिवसाच्या कोणत्या प्रहरी? भरतीला की ओहोटीला?

हे नीट समजून घ्यायचं तर १६७९ सालच्या खांदेरीइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

भांडण पावसाळी जागेचं

नैऋत्य मोसमी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला. म्हणजे पावसाळ्यात शिडाच्या जहाजाला वारा सतत किनाऱ्याकडे, खडकांकडे ढकलत राहतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलंच शिडाचं जहाज जात नाही, आणि चौकोनी शिडांच्या युरोपीय जहाजाला तर वाऱ्याच्या दिशेपासून बरंच तिरकं राहूनच चालावं लागे. किनाऱ्याजवळ सापडलेलं जहाज पुन्हा खोल पाण्यात नेणं अशा वेळी फार कठीण. त्यामुळे पाऊस लागायच्या आत प्रत्येक आरमाराला सुरक्षित बंदर गाठावंच लागे. तिथे जहाजं ओढून घ्यायची, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी खाल्लेल्या फळ्या बदलायच्या, सांधे भरायचे, तेल द्यायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर वर्षातून एकदा येणारी, चुकवता न येणारी मेंटेनन्स विंडो.

यातून एक गोष्ट आपोआप येते. जहाजं चार महिने जिथे उभी, तिथे ती सगळ्यात दुबळी. आणि ज्याच्याकडे चांगली पावसाळी जागा, तो हंगाम उघडताच सर्वांत आधी बाहेर.

१६७० च्या दशकात जंजिऱ्याचा सिद्दी मुघलांच्या वतीनं मराठ्यांशी लढत होता. त्याचं आरमार पावसाळ्यात मुंबईला, माझगावच्या आडोशाला येऊन राही. मुंबई इंग्रजांची. त्यांना हा पाहुणा फारसा आवडत नव्हता, पण त्यांची सुरतेची वखार मुघलांच्या राज्यात होती. नाही म्हणायची सोय नव्हती. पाऊस संपला की सिद्दी मुंबईहून निघून समोरचा मराठी किनारा लुटायचा. मराठ्यांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. १६७८ च्या पावसाळ्यात दौलतखान आणि दर्यासारंग यांना माझगावात उभी असलेली ही जहाजं जाळण्यासाठी पाठवण्यात आलं. ते पनवेलपर्यंत पोचले, पण पाणी ओलांडून मुंबई गाठणं जमलं नाही.

शिवाजी महाराजांचा पुढचा डाव वेगळा होता. जहाजं जाळता येत नसतील, तर त्यांच्या दारात बसायचं.

मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर, दोन बेटं आहेत. आत, किनाऱ्याला जवळ असलेलं उंदेरी आणि बाहेरच्या अंगाला खांदेरी. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारं-जाणारं जहाज खांदेरीवरून दिसतं. १६७२ मध्येही महाराजांनी खांदेरीवर बांधकामाचा प्रयत्न केला होता. इंग्रज आणि सिद्दी दोघांनी मिळून तो थांबवला. १६७९ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि दगड रचायला लागले.

वेळ पाहा. पावसाळा अजून पुरता सरलेला नाही. मोठ्या जहाजांना समुद्र अजून धोक्याचा. पण थळपासून खांदेरीपर्यंतचं अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. तेवढ्यात लहान होडीनं उघडीप साधून जाणं या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला जमतं. मोठ्यांसाठी समुद्र उघडायच्या आत लहानांनी जागा धरली.

पाठलाग करता न येणारी गलबतं

मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर तेव्हा जॉन चाइल्ड होता. त्यानं सप्टेंबरच्या सुरुवातीला काही शिबाडं पाठवून बेटाची नाकेबंदी सुरू केली. कागदावर हे काम सोपं होतं. बेटावर अन्न नाही, दारूगोळा नाही, सगळं किनाऱ्यावरून येणार. मधल्या पाण्यात जहाजं उभी केली की झालं.

प्रत्यक्षात मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या रात्री ये-जा करत राहिल्या. इंग्रजांची पत्रं वाचताना एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते: या लहान गलबतांना गाठता येत नाही. त्यांना वाटेल तेव्हा ती येतात, वाटेल तेव्हा जातात, आणि आपली जहाजं बघत राहतात. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प आपलं शिबाड घेऊन बेटाच्या फार जवळ गेला आणि मारला गेला.

गाठता का येत नव्हतं? याचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा जमीन लवकर तापते, त्यावरची हवा वर जाते, आणि समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा वाहू लागतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. परीक्षेत यावर दोन मार्कांचा प्रश्न यायचा. पावसाळ्यात मोसमी वाऱ्यापुढे हे दोन्ही वारे दबून जातात. मोसमी वारा मंदावला की मग समुद्रावर यांचं वेळापत्रक सुरू होतं. मधे, वारा दिशा बदलतो तेव्हा, बराच वेळ तो जवळजवळ पडलेलाच असतो.

गेल्या ऑक्टोबरात मी हवामानाच्या ॲपवर खांदेरीवर पिन टाकून काही दिवस तासातासाचा वारा उतरवून काढला. चित्र पुस्तकातल्यासारखंच निघालं. पहाटे जमिनीकडून मंद वारा, सकाळी मरगळ, दुपार चढेल तसा वायव्येकडून जोर, संध्याकाळनंतर पुन्हा शांतता.

शीड हे यंत्र म्हणून विलक्षण आहे, पण त्याचा एक नियम कठोर आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारा निम्मा झाला तर जोर निम्मा होत नाही, पाव होतो. जड जहाज मंद वाऱ्यात नुसतं हळू होत नाही. सुकाणूला पाणी लागेनासं होतं आणि ते वळवताही येत नाही. त्या काळच्या युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही बगलांना. जहाज वळलं नाही तर तोफा शत्रूवर लागत नाहीत. नाळेकडून किंवा मागून येणाऱ्या होडीसमोर ते जवळपास मुकं.

वल्ह्याला हा नियम लागू नाही. वारा असो, नसो, तीसचाळीस माणसांचे हात तेवढाच जोर देतात. मराठ्यांच्या गलबतांना शीडही होतं आणि वल्हीही. वारा पडला की मोठं जहाज थांबतं आणि लहान जहाज त्याच वेगानं चालत राहतं. तोफांचा फरक कायमच असतो, पण दिवसातले काही तास तो निरुपयोगी ठरतो. मराठे नेमके तेवढे तास निवडत होते.

१८ ऑक्टोबरची पहाट

नाकेबंदी फसतेय म्हटल्यावर इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट पाठवलं. त्यावर कॅप्टन मिंचिन, आणि एकूण मोहिमेवर रिचर्ड केग्विन. सोबत गुराबा, शिबाडं, मचवे धरून एकूण आठ जहाजं.

१८ ऑक्टोबरला उजाडायच्या सुमाराला दौलतखानाचं आरमार नागावच्या बाजूनं, म्हणजे किनाऱ्याकडून, चालून आलं. चाळीसहून अधिक गलबतं, नाळेवरच्या तोफा डागत. ती इतक्या वेगानं आली की नांगरावर उभ्या असलेल्या इंग्रजांना नांगर उचलायलाही नीट वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ या गुराबेनं निशाण उतरवलं आणि ती मराठ्यांच्या हाती पडली.

ही तारीख इंग्रजांच्या कागदांतली आहे, आणि तिच्यात एक खोच आहे. इंग्रज तेव्हा जुनं जुलियन कॅलेंडर वापरत. ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. टाइमझोन न तपासता लॉग वाचले की काय होतं, हे माझ्या व्यवसायातल्या कुणालाही विचारा. त्यांचा १८ ऑक्टोबर म्हणजे आपला २८ ऑक्टोबर. ऐन ‘ऑक्टोबर हीट’चे, निरभ्र आभाळाचे, मतलईचा लय बसल्याचे दिवस. अशा दिवसांत पहाटे किनाऱ्यावरून निघणाऱ्याला वारा पाठीवर मिळतो, आणि नांगरावरच्या जड जहाजाला त्या मंद वाऱ्याचा फारसा उपयोग नसतो. पहाट आणि किनाऱ्याची बाजू या दोन्ही निवडी योगायोगानं झाल्या असतील, असं मला वाटत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग रील्समध्ये सहसा येत नाही. ‘रिव्हेंज’नं शरणागती पत्करली नाही. एकदा ते हालचाल करू लागल्यावर त्याच्या तोफांपुढे गलबतं टिकेनात. पाच गलबतं बुडाली आणि बाकीचं आरमार मागे फिरलं. इंग्रजांनी पाठलाग केला, तो नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत. तिथे वाळूची उथळ पट्टी. गलबतं तिच्यावरून आत गेली, फ्रिगेट बाहेर राहिलं.

त्या दिवशीची समोरासमोरची लढाई इंग्रजांनी जिंकली, असंच म्हणावं लागेल. पण दोन दिवसांत तीच गलबतं पुन्हा बाहेर आली. इंग्रज पुढे सरकले की ती मागे, इंग्रज थांबले की ती पुढे. बेटावर रसद पोचत राहिली, भिंत चढत राहिली. नोव्हेंबरात सिद्दी कासिम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला, बेटावर तोफांचा मारा झाला, तरी खांदेरी पडली नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजं काढून घेतली. सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि ती डोकेदुखी पुढे कित्येक वर्षं टिकली. म्हणजे निर्भेळ विजय नव्हताच. पण त्यानंतर इंग्रज आणि महाराज यांच्यात जो समझोता झाला, त्यातला एक मुद्दा सिद्दीच्या आरमाराच्या मुंबईतल्या पावसाळी मुक्कामाचा होता. भांडण जिथून सुरू झालं, तिथेच येऊन मिटलं.

वाऱ्याचा शासननिर्णय

हे सगळं दौलतखानाच्या किंवा मायनाक भंडारींच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं. कोळी, भंडारी, खारवी, किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी यांना उधाण कधी आणि भांग कधी, कोणत्या खाडीच्या तोंडावर किती पाणी, मतलई किती वाजता सुटणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांची नावं कागदावर नाहीत. पण त्यांच्या ज्ञानाची छाप एका कागदावर स्पष्ट आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यातलं आरमाराचं प्रकरण मी एखाद्या चांगल्या डिझाइन डॉक्युमेंटसारखं वाचलं. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम हव्यात. वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी थोरली जहाजं बांधण्याचं कारण नाही. वारा आपल्या बाजूनं नसेल, गनीम जोरावर असेल, तर उगाच झुंज न वाढवता आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावं. आणि पावसाळी छावणीबद्दल तर बारीक सूचना: पाऊस लागायच्या पुरेसं आधी आरमार बंदरात घ्यावं, बंदर किल्ल्याच्या नजरेखालचं असावं, दरवर्षी तेच बंदर नको, आणि सगळं आरमार एकाच ठिकाणी न ठेवता जागोजागी ठेवावं. रात्री गस्त घालावी.

शेवटची सूचना वाचताना आमच्याकडचा जुना धडा आठवतो. सगळा डेटा एकाच डेटा सेंटरमध्ये ठेवू नये. तो धडा सगळ्यांना पाठ असतो. पाळला किती जातो, ते आग लागल्यावर कळतं.

विजयदुर्ग, दुपारचा वारा

साधारण चाळीस वर्षांनी खरोखरच आग लागली.

१७५६ पर्यंत बरंच काही बदललं होतं. कान्होजी आंग्रे जाऊन पाव शतक उलटलं होतं. त्यांचा मुलगा तुळाजी विजयदुर्गावर होता आणि पेशव्यांशी त्याचं वैर विकोपाला गेलं होतं. नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांना सोबत घेतलं. आदल्या वर्षी, १७५५ मध्ये, कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला होता. मग त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला विजयदुर्गाची टेहळणी करायला पाठवलं गेलं. त्यानं किल्ला दुरून पाहिला नाही फक्त. पाण्याची खोली मोजली. मोठी जहाजं किल्ल्याच्या तोफेच्या टप्प्यापर्यंत, आत खाडीत, जाऊ शकतात असा त्याचा अहवाल होता.

खांदेरीच्या वेळी इंग्रजांना हे पाणी अनोळखी होतं. आता ते समुद्राची माहिती गोळा करून येत होते.

१२ फेब्रुवारी १७५६. अॅडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गाबाहेर उभं होतं, जमिनीवरच्या फौजेसोबत रॉबर्ट क्लाइव्ह. (हे दिवस नव्या कॅलेंडरातले, इंग्रजांनी ते १७५२ मध्ये बदललं होतं.) फेब्रुवारी म्हणजे सर्वांत शांत समुद्राचा, रोज ठरल्या वेळी खारे वारे सुटण्याचा काळ. वॉटसननं घाई केली नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला, आणि त्या वाऱ्यावर त्याची जहाजं दोन रांगांत खाडीच्या तोंडातून आत शिरली.

खांदेरीला जो रोजचा वारा मराठ्यांच्या कामी आला होता, तोच इथे इंग्रजांच्या शिडांत भरला होता.

आत तुळाजीचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकत्र, एकमेकांना बांधून उभं होतं. तुळाजी स्वतः वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेला. दुपारी उशिरा एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच हस्तगत केलेलं. ते पेटलं, आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. जवळजवळ सगळं आरमार त्या संध्याकाळी जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

या घटनेवर आपल्याकडे वाद होतो तो पेशव्यांनी हे करायला हवं होतं की नाही यावर. तो वाद महत्त्वाचाच आहे, आणि त्यात माझंही मत आहे: स्वतःचं आरमार दुसऱ्याच्या आरमाराकडून बुडवून घेणं ही फार महागात पडलेली चूक होती. पण त्या वादात एक साधी गोष्ट झाकली जाते. ती जहाजं लढताना बुडली नाहीत. ज्या गलबतांची सारी ताकद हलण्यात होती, ती एका जागी बांधून ठेवली होती. उथळ पाण्यात निसटायचं, वारा पडला की वल्ही मारायची, रात्री जायचं, पहाटे यायचं, हे सगळं सोडून ती भिंतीआड उभी राहिली, आणि उभ्या जहाजांच्या लढाईत तोफांचाच आकडा मोजला जातो. तिथे मोठी जहाजं जिंकणार हे ठरलेलं होतं.

२०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी वारसा म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खांदेरी आणि विजयदुर्ग दोन्ही त्यात आहेत. त्यांचे बुरूज, तट, तोफा आता जपल्या जातील, त्यांचे फोटो निघतील, आणि ते योग्यच आहे. पण दगड हा त्या इतिहासाचा टिकलेला भाग आहे, मुख्य भाग नव्हे. मुख्य भाग म्हणजे पहाटेचा मतलई, खाडीच्या तोंडावरची वाळूची पट्टी, ऑगस्टच्या अखेरची एखादी उघडीप, आणि हे सगळं न लिहिता लक्षात ठेवणारी माणसं. अमात्यांनी त्यातलं थोडं लिहून ठेवलं. चाळीस वर्षांत तेही विसरलं गेलं, आणि दुपारचा वारा नेहमीच्या वेळी सुटला.